पांच आहेरांचें एक यंत्र जुळविल्याची बखर

॥ श्री ॥ विघ्नहर्त्यास नमन, विजेच्या देवतेस नमन, आणि जी वस्तु ज्या खाचेस नीट बसते त्या खाचेस विशेष नमन. शके एक हजार नऊशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक मासापासोन मार्गशीर्ष वद्य सप्तमी रविवारपर्यंत जें वर्तमान घडलें तें लिहितों. लिहिणार आपलें नांव लिहीत नाहीं, कारण की नांव लिहिलें तर आत्याबाईसाहेब पुढील दिवाळीस फराळाचा डबा धाडणार नाहींत, आणि त्यांचे चकलीवांचोन लिहिणाराचें चालत नाहीं. राज्य कोणतें, कोठील, हेंही कोणीं पुसूं नये. तीन खणांचें राज्य, दुसरे मजल्यावरी, पूर्वेस जिना, पश्चिमेस वाळत घातलेले कपडे, उत्तरेस पाण्याची टाकी, ऐसी त्याची चतुःसीमा. थोरले महाराज चार वर्षांमागें कैलासवासी जाहले, तेव्हांपासोन कारभार मातोश्री हेमांगीबाईसाहेब यांचे हातीं, आणि त्यांनीं तो ऐसा चालविला की वीजबिल एकदांही चुकलें नाहीं. त्यांस दोन अपत्यें. धाकटी राजकुंवर शर्वरीबाई, वय वर्षें एकोणीस, बुद्धीनें तीक्ष्ण, जिभेनें त्याहून. थोरले राजपुत्र आल्हादराव, वय वर्षें सत्तावीस, तीन वर्षांमागें समुद्रापार थंड मुलखीं चाकरीनिमित्त गेले आणि तेथेंच राहिले.

राजपुत्र गेले तेव्हां प्रथम रोज फोन करीत, आणि काय जेवलों, बर्फ कैसा पडला, घरमालक कैसा खवचट, ऐसें सर्व सांगत. परंतु या वर्षीं भाद्रपदापासोन त्यांचें बोलणें आटत चाललें आणि शेवटीं तीन शब्दांवरी येऊन थांबलें: “हो”, “ठीक”, आणि “बघू”. मातोश्री पुसत, “ऑफिस कसं चाललंय?” तर म्हणत, ठीक. पुसत, “बरा आहेस ना रे?” तर म्हणत, हो. पुसत, “कधी येतोस?” तर म्हणत, बघू. फोन ठेविल्यावरी मातोश्री ओटा पुसत बसत, आणि पुसलेला ओटा पुन्हां पुसत. मात्र एक वाट उघडी होती. राजपुत्र आणि राजकुंवर दर रविवारीं सकाळीं कॉम्प्युटरवरी एक खेळ खेळत. त्या खेळांत बर्फाचें रान, त्या रानांत दोन माणसें, आणि त्यांनीं लाकूड तोडावें, झोंपडी बांधावी, लांडगे हांकलावे, इतकेंच. परंतु त्या रानांत गेले की आल्हादराव बोलूं लागत आणि थांबत नसत. शर्वरीबाई कानांस हेडफोन लावून ऐकत, आणि मग स्वयंपाकघरांत येऊन सांगत, “आई, दादा म्हणतो त्याने बूट घेतले नवे. आई, दादाला सर्दी झालीये.” मातोश्रींस पुत्राची खबर काय ती त्या वाटेनें येई, आणि तितक्यावरी त्या सोमवार ते शनिवार काढीत.

तुळशीचे लग्नादिवशीं तो जुना कॉम्प्युटर मांडवांतील फटाक्यांचे आवाजांत आपणही एक आवाज करून वारला. धूर निघाला, वास सुटला, हेडफोन लाविलेला होता तोही त्याजबरोबर सती गेला. पडदा, कळफलक, माऊस आणि साठवणीची डिस्क तेवढी वांचली. राजकुंवरांचा कॉलेजचा लॅपटॉप हा खेळ उघडतां उघडतां झोंपीं जाई. दोन रविवार कोरडे गेले, आणि मग राजपुत्रांचा निरोप आला: “राहू दे गं शरू. बावीस तारखेला खेळाचा नवा टप्पा येतोय, तोवर ठेवतो. नाही जमलं तर मीही काढून टाकतो. कंटाळा आलाय तसाही.” शर्वरीबाईंनीं निरोप वाचून दाखविला तो मातोश्रींचे हातांतील लाटणें जागींच राहिलें. त्या म्हणाल्या, “काढून टाकतो म्हणजे मग तो बोलणार कुठं?” मातोश्रींनीं तत्क्षणीं निश्चय केला की बावीस तारखेचे रविवारपूर्वीं, म्हणजे वद्य सप्तमीपूर्वीं, नवें यंत्र राज्यांत उभें राहिलेंच पाहिजे, आणि तें थोडक्या खर्चांत उभें राहिलें पाहिजे.

आतां येथें या कुळाची एक चाल सांगणें प्राप्त आहे, कारण सर्व अनर्थ तिच्यांतूनच निघाला. चाल ऐसी की घरांत मोठी वस्तु येणें तर ती एकल्या हातें येऊं नये, आप्तांनीं तिचा एकेक भाग आहेर म्हणोन द्यावा. आणि आहेर देणारास “कोणता देतां, कैसा देतां” हें पुसूं नये. पुसणें म्हणजे मागणें, आणि मागणें म्हणजे थोरल्या महाराजांचे नांवास बट्टा. आहेरासोबत पावती देऊं नये, घेणाऱ्यानें तो बदलूं नये. या चालीपायीं वास्तुशांतीस भिंतीवरील घड्याळें चार आलीं आणि चारी लावावीं लागलीं, चारींची वेळ वेगळी. एकदां मातोश्रींनीं आत्याबाईंची साडी दुकानीं जाऊन बदलून आणिली, तर आत्याबाई सहा वर्षें या राज्याचा उंबरा चढल्या नाहींत. ऐसी कडक चाल. शर्वरीबाईंनीं चार दिवस बसोन यादी केली होती, त्यांत कोणता भाग कोणत्या भागास मानवतो, कोण कोणाशीं नांदतो, सर्व लिहिलें होतें. म्हणाल्या, “आई, ही सगळ्यांना पाठवते, म्हणजे घोळ नको.” मातोश्री म्हणाल्या, “यादी पाठवायची? आपण काय वाणसामान मागवतोय का? लोक काय म्हणतील!” आणि यादी उशाखालीं गेली. इतकेंच जाहलें की कुटुंबाचे समूहावरी मातोश्रींनीं वार्ता घातली, आणि ज्यानें त्यानें आपला भाग वांटून घेतला.

ऐकणारास कळावें म्हणोन लिहितों. यंत्रांतील मदरबोर्ड म्हणजे राजधानी, सर्वांनीं तिच्यांत येऊन बसावें. प्रोसेसर म्हणजे दिवाण, सर्व हिशेब तोच करितो. रॅम म्हणजे दिवाणाचे हाताखालील कारकून, वीज आहे तोंवरच त्यांचें स्मरण. ग्राफिक्स कार्ड म्हणजे सरलष्कर, पडद्यावरी जें चित्र उठतें तें त्याचें कर्तृत्व, आणि खेळाचें सारें बळ त्याचेंच. एसएमपीएस म्हणजे कोठी, तेथून सर्वांस विजेचा शिधा. आणि कॅबिनेट म्हणजे कोट, ज्याचे आंत हे सर्व राहातात. पैकीं राजधानी मातोश्रींनीं घेतली आणि दिवाण राजकुंवरांनीं आपल्या शिकवणीचे पैशांतून घेतला. ही दोन जुळलीं, कारण शर्वरीबाईंनीं बोर्डाचें नांव चिठीवरी लिहून देवघरांत ठेविलें आणि मातोश्रींनीं तें “सापडलें” ऐसें म्हटलें. लबाडीच होती, पण घरांतल्या घरांत होती. शर्वरीबाईंनीं दिवाण निवडतांना थोडकी काटकसरही केली: ज्यास स्वतः चित्र काढतां येत नाहीं ऐसा स्वस्त दिवाण घेतला, कारण चित्र काढावयास सरलष्कर येणारच होता. तो सरलष्कर धाकटे काका विश्रामराव यांनीं दिला. विश्रामराव साखर कारखान्यांत सुरक्षा अधिकारी, मिशा मोठ्या, आवाज मोठा, आणि जें घेतील तें मोठेंच घेतील. कोट आत्याबाई प्रमिलाबाईसाहेब यांनीं दिला. कारकून मातोश्रींचे थोरले बंधु दिगंबरमामा यांनीं सांगलीहून कुरियरनें धाडिले, सोबत हळदीची पुडी.

मार्गशीर्ष वद्य पंचमी, शुक्रवार, दुपारीं तीन वाजतां सर्व मंडळी अन्वरभाई मिस्त्री यांचे दुकानीं दाखल जाहली. अन्वरभाई या शहरीं पंचवीस वर्षें कॉम्प्युटर जोडीत आले, केस पांढरे, बोटें बारीक, बोलणें कमी. आत्याबाई जरीची साडी नेसून आल्या होत्या, विश्रामराव इस्तरीचा सदरा घालून आले होते, जणूं साखरपुडा. अन्वरभाईंनीं मेजावरी वर्तमानपत्र अंथरलें आणि एकेक खोकें उघडलें. पहिल्यानें राजधानी मांडिली, दिवाण तिच्या आसनीं अलगद बसला, खटका दाबला, सर्वांस समाधान वाटलें. मग कारकून हातीं घेतले, खाचेवरी धरले, उलटे करून धरले, आणि खालीं ठेविले. अन्वरभाई म्हणाले, “ताई, ही रॅम पाचव्या पिढीची आहे. बोर्ड चौथीची मागतो. खाच बघा, सरकलेली आहे.” विश्रामराव म्हणाले, “दाबा की जरा.” अन्वरभाई म्हणाले, “दाबलं तर मोडेल साहेब. बोर्ड मोडेल का रॅम, ते आधी सांगता येत नाही.” मग ती बाजूस ठेवून कोट पुढें घेतला. कोट काय वर्णावा! तीन बाजूंस कांच, आंत गुलाबी दिवे, उंची हातभर, कोपऱ्यांतील तिपाईवरी बसेल ऐसा गोजिरवाणा. आणि सरलष्करांचें खोकें उघडलें तों आंतून तीन पंख्यांचें धूड निघालें. अन्वरभाईंनीं पट्टी लाविली. सरलष्कर एकतीस सेंटिमीटर, कोटांत जागा चोवीस. “सात सेंटिमीटर बाहेर राहील,” अन्वरभाई म्हणाले. विश्रामराव म्हणाले, “मग कोटाची भिंत कापा. मी कटर आणतो.” आत्याबाई म्हणाल्या, “कापून तर बघ, विश्राम, तुझी मिशीच कापते.” अन्वरभाईंनीं दोघांकडे न पाहतां कोटांतील कोठी काढिली, जी कोटासोबत फुकट आली होती, आणि ती तळहातावरी तोलली. म्हणाले, “ही हलकी आहे. हिच्यावर चारशे पन्नास लिहिलंय, पण एवढं हिला झेपत नाही, आणि ह्या कार्डाला लागणारी वायरच हिच्यात नाही. लावली आणि खेळ चालू केला, की आवाज करून जाईल.” कोणास कोणता आवाज तें सांगावें लागलें नाहीं. मग अन्वरभाई चष्मा काढून म्हणाले, “माल सगळा एक नंबर आहे ताई. एकमेकांचा नाही, एवढंच.”

शर्वरीबाई कानाशीं लागून मातोश्रींस म्हणाल्या, “आई, गुपचूप बदलून आणू. कुणाला कळणार नाही.” परंतु पावत्या कोणापाशीं? ज्यानें दिलें त्याजपाशीं. चालच तैसी. आणि पावतीवांचोन कोणता दुकानदार परत घेतो? विश्रामरावांनीं तोड काढिली, म्हणाले, “कार्डच राहू द्या बाजूला. बाकीचं जोडा, खेळ खेळा.” शर्वरीबाई म्हणाल्या, “काका, कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही. माझा प्रोसेसर चित्र काढत नाही. काळा पडदा बघत बसू का?” म्हणजे सरलष्कर ठेवणें भाग, आणि सरलष्कर ठेवणें तर आत्याबाईंचा कोट आणि त्यांची फुकटची कोठी दोन्ही परत करणें भाग. येथें पेंच पडला. मध्यें दोन दिवस. सहा वर्षांचा अबोला मातोश्रींनीं एकदां भोगलेला. दुसरीकडे पुत्राचा अबोला. कोणता पत्करावा? मातोश्रींनीं पदर खोचिला, आणि या कुळांत आजपावेतों जें कोणीं केलें नव्हतें तें केलें. त्या आत्याबाईंसमोर उभ्या राहून म्हणाल्या, “वन्सं, पावती आहे का?”

हा बाण सुटला मात्र, आत्याबाईंचा चेहरा पाहवेना. म्हणाल्या, “काय म्हणालीस?” मातोश्री म्हणाल्या, “कॅबिनेटची पावती. बदलावं लागेल.” आत्याबाई म्हणाल्या, “सहा दुकानं फिरले मी, हेमांगी, सहा! गुडघे धरलेत माझे. काच बघ, दिवे बघ. शरूच्या खोलीत शोभेल म्हणून गुलाबी घेतलं. आणि विश्रामचं ते अवजड धूड ठेवायचं, आणि माझा आहेर टाकायचा! नेहमीचंच आहे हे तुमचं. माझं काही तुम्हाला बसतच नाही.” विश्रामराव मध्यें बोलूं गेले, त्यांस आत्याबाईंनीं एका नजरेनें बसविलें. अन्वरभाई आंतल्या खोलींत स्क्रू शोधावयास गेले, जरी स्क्रू मेजावरीच होते. मातोश्रींचे डोळे भरले, पण आवाज हालला नाहीं. त्या म्हणाल्या, “वन्सं, माझा आल्हाद बोलत नाही हो.” आत्याबाई म्हणाल्या, “म्हणजे?” मातोश्री म्हणाल्या, “म्हणजे बोलत नाही. गणपतीपासून. फोनवर तीन शब्द, चौथा नाही. ह्या एका खेळात तेवढा बोलतो, शरूशी. रविवारी हे यंत्र चालू झालं नाही तर खेळ काढून टाकतो म्हणालाय. मला दिवे नकोत वन्सं, काच नको. त्याचा आवाज आला पाहिजे घरात. माझ्या कानात नको, शरूच्या कानात आला तरी पुरे.”

आत्याबाईंनीं पिशवी मेजावरी आपटली आणि म्हणाल्या, “अगं बाई! आणि हे तू मला आज सांगतेस? चार महिने पोर गप्प आहे आणि मी इथे चकल्या तळत बसले? मी काय परकी आहे का गं?” मातोश्री म्हणाल्या, “कोणत्या तोंडानं सांगू? लोक म्हणतील मुलगा वाया गेला.” आत्याबाई म्हणाल्या, “लोक गेले खड्ड्यात. ए विश्राम, गाडी काढ. आणि तुम्ही हो, काय नाव तुमचं, अन्वरभाई, बाहेर या, स्क्रू नंतर शोधा. केवढं आणायचं ते कागदावर लिहून द्या, सेंटिमीटर न् सेंटिमीटर.” शर्वरीबाईंनीं पुसलें, “आत्या, पावती?” आत्याबाई म्हणाल्या, “पर्समध्ये आहे. मी काय पावती फेकणारी बाई वाटले तुला?” मग स्वारी निघाली, आणि दोन घटकांनीं परतली तों विश्रामरावांचे खांद्यावरी एक काळा, कुरूप, कपड्यांचे कपाटाएवढा कोट, आणि आत्याबाईंचे हातीं वजनदार कोठी, साडेसहाशे वॉटची, नांवाजलेली, आणि दुकानदाराशीं भांडून मिळविलेली दोन वर्षांची जादा हमी. फरक कोणीं भरला हें लिहिण्याची आज्ञा नाहीं. आत्याबाई त्या काळ्या कोटाकडे पाहून इतकेंच म्हणाल्या, “मेलं काय ध्यान आहे! पण मावेल सगळं.”

तिकडे मातोश्रींनीं सांगलीस फोन लाविला. म्हणाल्या, “दादा, तू पाठवलेली रॅम बसत नाहीये रे.” दिगंबरमामा गरीब स्वभावाचे, निवृत्त ग्रंथपाल. म्हणाले, “हेमे, तो दुकानदार म्हणाला नवी घ्या, नवी चांगली असते. मी आपली नवी घेतली. पुस्तकाची आवृत्ती नवी असली तर चांगलीच असते, मला वाटलं तसंच असेल. तुला विचारायला हवं होतं गं, पण आपल्यात विचारत नाहीत ना.” मातोश्री म्हणाल्या, “आता विचारायचं. आजपासून विचारायचं.” अन्वरभाईंनीं हें ऐकिलें आणि कप्पा उघडून चौथ्या पिढीचे दोन कारकून काढिले, तितक्याच स्मरणाचे. म्हणाले, “माझ्या एका गिऱ्हाइकाला पाचवी पाहिजेच आहे. ही त्याला, ती तुम्हाला. मामांना सांगा, हळदीची पुडी मी ठेवून घेतो, वास चांगला आहे.” येणेंप्रमाणें तोही गुंता सुटला. शनिवारीं वद्य षष्ठीस सकाळपासोन जोडणी चालली. कारकून खाचेंत बसले तेव्हां दोन्ही बाजूंचे खटके आपोआप मिटले, सरलष्कर कोटांत आडवे जाहले आणि पुढें चार बोटें जागा उरली, कोठीच्या वायरी ज्याच्या त्यास पोंचल्या. मग अन्वरभाईंनीं शर्वरीबाईंस म्हटलें, “बटण तुम्ही दाबा.” त्यांनीं दाबलें. पंखे फिरले, दिवा लागला, आणि पडदा काळा तो काळाच. एक पळ, दोन पळें, दहा पळें. अन्वरभाईंनीं कारकून पुन्हां दाबून पाहिले. विश्रामराव म्हणाले, “मी पडद्याची वायर नीट खोचली होती हं, चांगली दाबून.” शर्वरीबाई चमकल्या, “काका, कुठे खोचलीत?” पाहतात तों काकांनीं वायर राजधानीचे दारीं खोचिली होती, आणि राजधानींतील दिवाण तर चित्र काढीत नाहीं! शर्वरीबाईंनीं ती ओढून सरलष्करांचे दारीं लाविली, आणि पडदा उजळला. विश्रामराव म्हणाले, “तेच म्हणत होतो मी, तपासा.” आत्याबाई हसल्या, मातोश्री हसल्या, अन्वरभाईंनीं सर्वांस चहा सांगितला.

वद्य सप्तमी, रविवार. सकाळीं नऊ वाजतां यंत्र मुख्य खणांत स्थापन जाहलें. हेडफोन नवा घेण्यास खजिन्यांत कांहीं उरलें नव्हतें, म्हणोन माळ्यावरील जुने स्पीकर काढून लाविले, आणि तेथल्याच एका जुन्या कॅमेऱ्याचा माईक. यास्तव जें शर्वरीबाईंचे एकल्या कानीं येई तें त्या दिवशीं सर्व खणभर येणार होतें. मातोश्री, आत्याबाई आणि विश्रामराव मागें सोफ्यावरी बसले, हूं की चूं नाहीं. पडद्यावरी बर्फाचें रान उठलें, इतकें स्वच्छ की झाडांवरील बर्फाचा कण कण मोजावा, आणि त्यांत कुऱ्हाड घेऊन एक माणूस उभा होता, तो आल्हादराव. आणि आवाज आला, “अगं शरू! आलीस? कसलं भारी चालतंय! कुणी जोडलं?” मातोश्रींनीं आत्याबाईंचा हात घट्ट धरिला. राजपुत्र बोलूं लागले. लाकूड कोठें, लांडगे कोणीकडोन येतात, झोंपडी कोठें बांधावी, ऐसें अर्धी घटका बोलले. मग आवाज खालीं आला आणि म्हणाले, “शरू, एक सांगू? आईला नको सांगूस.” येथें शर्वरीबाईंनीं सांगावयास पाहिजे होतें की दादा, थांब, आई येथेंच आहे. त्यांनीं तोंड उघडलेंही होतें. परंतु राजपुत्र चार महिने थांबलेले, ते आतां थांबले नाहींत. म्हणाले, “माझी नोकरी गेली गं. गणपतीतच गेली. आता एका गोदामात खोकी उचलतो. पाठ जाते. तुला मागेच सांगणार होतो, तेवढ्यात तुझं मशीन गेलं. आई विचारते, ऑफिस कसं चाललंय, आणि मी ठीक म्हणतो. ठीकच्या पुढे एक शब्द बोललो ना, तर सगळं बाहेर पडेल. म्हणून बोलतच नाही मी तिच्याशी. कळलं का?”

विश्रामराव खिडकीकडे पाहूं लागले. आत्याबाईंनीं पदर तोंडाशीं धरिला. लिहिणारानें तो क्षण डोळां पाहिला, आणि ऐसा क्षण पुन्हां पाहणें नको. मातोश्री उठल्या, खुर्ची ओढिली, शर्वरीबाईंस सरकविलें, आणि त्या कॅमेऱ्याजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, “आल्हाद, मी आई. इथंच आहे. सगळं ऐकलं.” पडद्यावरील माणूस बर्फांत तैसाच उभा राहिला, कुऱ्हाड खांद्यावरी, हालेना. मग आवाज आला, “रागावलीस?” मातोश्री म्हणाल्या, “रागावलेय. ते नंतर. आधी मला सांग, हे लाकूड कसं तोडायचं?” समुद्रापारोन आवाज आला, “आई, माऊसचं डावं बटण. दाबून धर.” मातोश्री म्हणाल्या, “धरलंय.” “सोडू नकोस, झाड पडेपर्यंत.” “नाही सोडत.” कुऱ्हाडीचे घाव पडूं लागले, आणि घावांमागें घाव, आणि त्यांमागें राजपुत्रांचें रडणें, मोठ्यानें, न लाजतां, जैसे लहानपणीं जिन्यावरून पडोन रडत तैसें. मातोश्रींनीं त्यास गप्प केलें नाहीं. बटण धरून बसल्या. झाड पडलें, तेव्हां त्यांनीं पुसलें, “आता पुढचं कोणतं?”

एवंच. यंत्र पांच आहेरांचें, जोडणी अन्वरभाईंची. कारकून बदलले, कोट बदलला, कोठी बदलली, आणि आहेर न पुसण्याची चाल त्या शुक्रवारीं मोडली ती मोडलीच. त्या रविवारीं बोलणें साडेतीन तास चाललें. दुसरी नोकरी शोधावी की परत यावें, याची मसलत राजपुत्रांनीं प्रथमच सर्वांसमक्ष केली, आत्याबाईंनीं मध्येंच शिव्याही घातल्या. झाडें अठरा पडलीं, पैकीं सात मातोश्रींनीं पाडलीं. त्यांस लांडग्यांनीं चार वेळां मारिलें, आणि चौथ्या वेळीं राजपुत्र हसले. इतकेंच लिहावयाचें होतें, तें लिहिलें.